एकोणनव्वदचा गोलकीपर

वेगवेगळ्या काळातल्या संघांची तुलना करू नये, असं शहाणी माणसं सांगतात. पण कोल्हापुरात फुटबॉलवर बोलणाऱ्यांत शहाणा माणूस शोधायला गेलात तर दिवस जाईल. मी त्याच गावचा. सिडनीत येऊन सव्वीस वर्षं झाली, क्वेकर्स हिलमध्ये घर आहे, आयटीतली नोकरी आहे, बायको-मुलगी आहेत. तरीही सकाळी डोळे उघडले की मी आधी आमच्या हायस्कूलच्या फुटबॉल ग्रुपवर जातो. मी झोपलेला असताना तिकडे कुणी कुणाची अक्कल काढली, ते बघितल्याशिवाय चहा गोड लागत नाही.

यंदा डिसेंबरात हायस्कूलला शंभर वर्षं होतात. स्मरणिका निघणार आहे आणि तिच्यात ‘शंभर वर्षांतला सर्वोत्तम संघ’ छापायचा आहे, अकरा नावं, फोटोसकट. आमच्या वेळचा कॅप्टन कुमार हा त्या समितीचा सेक्रेटरी. दावेदार संघ तीन. पहिला चौऱ्याहत्तरचा, अनवाणी खेळणारा. दुसरा एकोणनव्वदचा, म्हणजे आमचा, ज्यात निम्म्यांच्या पायात कॅनव्हासचे बूट होते आणि निम्म्यांच्या पायात थोरल्या भावाचे. तिसरा दोन हजार सहाचा. त्यांना खरे स्टडवाले बूट होते, पगारी कोच होता, आणि सरावानंतर केळी आणि उकडलेली अंडी मिळायची. तुलना करायचं काम कुमारनं माझ्यावर टाकलं. कारण काय, तर मी ऑस्ट्रेलियात असतो म्हणून तटस्थ, आणि मला एक्सेल येतं.

मी इमानेइतबारे शीट केली. किती सामने, किती गोल, समोर कोण, मैदान कसं. अनवाणी मारलेला गोल बुटानं मारलेल्या गोलापेक्षा किती भारी धरायचा, यावर ग्रुपवर नऊ दिवस भांडण चाललं. चौऱ्याहत्तरचे कॅप्टन गुरुदत्तकाका सात-सात मिनिटांचे व्हॉइस मेसेज पाठवायचे, की भिजलेला चामडी बॉल डोक्यानं मारून दाखवा आणि मग आमच्याशी बोला. दोन हजार सहाची पोरं म्हणायची, तुमचे गोल बघितलेत कुणी, व्हिडिओ आहे का. मजा यायची. महिन्याभरात दहा जागा ठरल्या. राहिली ती गोलकीपरची.

चौऱ्याहत्तरला धड कीपरच नव्हता. दमलेला माणूस गोलात उभा राहायचा. दोन हजार सहाचा अपूर्व पुढे राज्याकडून खेळला. आणि आमचा सिद्धार्थ कुरणे. आकड्यांत सिद्धार्थच्या जवळपासही कुणी नव्हतं. त्या वर्षी आम्ही चौदा सामने खेळलो आणि अख्ख्या वर्षात त्यानं चार गोल खाल्ले. पण त्यातला चौथा फायनलमधला होता, आणि त्या गोलासाठी त्याला छत्तीस वर्षं कुणी माफ केलेलं नव्हतं. त्याचं नाव निघालं की कुणीतरी लिहायचंच, ‘आणि ती हाक?’ मग चर्चा बंद.

त्या हाकेबद्दल मला सांगायलाच हवं. ऑगस्टची फायनल, मैदानात घोट्याएवढा चिखल, शून्य-शून्य, पाच मिनिटं उरलेली. मी स्टॉपर, म्हणजे कीपरच्या पुढचा बचावपटू होतो. माझ्याकडे बॉल आला, समोरून त्यांचे दोघे धावून आले, आणि मी मागे न बघता बॉल कीपरकडे ढकलून दिला. तेव्हा कीपरला असा मागे दिलेला बॉल हातानं उचलता यायचा. पुढे तीनेक वर्षांनी तो नियम बदलला. बॉल त्याच्यापर्यंत पोचलाच नाही. मध्येच चिखलात रुतला आणि त्यांच्या फॉरवर्डनं येऊन आरामात गोलात घातला. सामना संपल्यावर सरांनी मला विचारलं, बघितल्याशिवाय बॉल का सोडलास? मी म्हणालो, ‘सिद्ध्यानं हाक दिली सर. मागं दे म्हणाला.’

त्यानं हाक दिली नव्हती.

तो म्हणाला, ‘मी काही बोललो नाही सर.’ सरांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. सिद्धार्थ बौद्ध होता, आमच्या संघात एकटाच. माझा काका पेठेतल्या तालमीचा पदाधिकारी, आणि आमच्याकडे फुटबॉल तालमींच्या हातात असतो. मी हे सांगतोय, कारण त्या दिवशी कुणाचा शब्द चालला ते एरवी कळायचं नाही. सरांनी पुढे काही विचारलं नाही. गॅलरीतून त्याच्यावर जे शब्द आले त्यांत त्याच्या वस्तीचं नाव होतं, ते मी इथे लिहीत नाही. मी दहा फुटांवर उभा राहून ते सगळं ऐकलं आणि बुटाचा चिखल काढत राहिलो. त्यानंतर मी तालमीकडून चार सीझन खेळलो. सिद्धार्थ पुन्हा कधीही कुणाकडून खेळला नाही.

नशीब बघा, दोघेही ऑस्ट्रेलियात येऊन पडलो. तो कॅनबेराला, गुंगालिनमध्ये राहतो, सरकारी खात्यात सिस्टिम्स बघतो. वर्षातून एकदा फोन, दोन-तीन वर्षांतून एकदा भेट. थंडी, घरांचे भाव, मुलींचं शिक्षण, सगळ्यावर बोलायचो. फुटबॉलवर नाही. आमच्या ग्रुपवर एकशे बारा माणसं आहेत आणि त्याला घ्यावं असं कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

जुलैतल्या एका मंगळवारी सकाळी फोन उघडला तर ग्रुपवर सिद्धार्थचा फोटो. ब्लेझर, टाय, चष्मा, आणि मागे फुलांची चौकट. खाली कुमारनं लिहिलेलं, ‘आपला ८९ चा गोलकीपर कै. सिद्धार्थ कुरणे याला भावपूर्ण श्रद्धांजली.’ त्याखाली हात जोडलेल्यांची रांग लागली होती.

मी स्वयंपाकघरातच खाली बसलो. विनिता, माझी बायको, काय झालं म्हणून विचारत होती. मनात एकच गोष्ट फिरत होती, की आता सांगायचं राहिलं. मग काय वाटलं कोण जाणे, मी त्याचाच नंबर लावला. निदान लीनावहिनी उचलतील, म्हटलं.

त्यानंच उचलला. ‘बोल विलास.’

मी उठून उभाच राहिलो. ‘तू... बरा आहेस ना?’

‘आहे रे. बरा म्हणजे काय, आहे.’ तो म्हणाला. ‘तुला कळलं वाटतं. कुणी सांगितलं?’

मी फोन कानाला घट्ट धरला.

‘आई गेली. परवा तेरा दिवस होतील,’ तो म्हणाला. ‘मला जाता आलं नाही. गेल्या महिन्यात स्टेंट घातलीय, डॉक्टर फ्लाय करू देईना. भावानं व्हिडिओ कॉलवर दाखवलं सगळं.’ आणि मग म्हणाला, ‘बरं वाटलं तू फोन केलास. आपल्या शाळेतल्यांपैकी तुझाच पहिला.’

मी ‘फार वाईट झालं’ म्हणालो, ‘काळजी घे’ म्हणालो, आणि फोन ठेवला. कुमारला वेगळा मेसेज टाकला, फोटो कुठून मिळाला रे? त्यानं मूळ फोटो पाठवला. चौकातला फ्लेक्स होता. वरच्या कोपऱ्यात लंबगोलात त्याच्या आईचा, सोजरबाईंचा फोटो, पासपोर्ट साइजहून थोडा मोठा. ‘कालकथित सोजरबाई यादवराव कुरणे’ ही अक्षरंही लहानच. त्याखाली आपल्या पद्धतीप्रमाणे शोकाकुल मंडळी, मुलगे, नातू, पुतणे, वॉर्डातला नगरसेवक. त्या सगळ्यांत ठळक सिद्धार्थ, कारण तो परदेशात असतो. भावानं हौसेनं लावला असणार. मोटरसायकलवरून जाता जाता कुणीतरी तेवढाच भाग झूम करून घेतला आणि कुमारला धाडला. आपल्याकडच्या फ्लेक्सवर गेलेलं माणूस शोधून काढावं लागतं. हे मी कितीदा चेष्टेनं बोललो असेन.

‘अरे बाबांनो, तो जिवंत आहे,’ असं मी ग्रुपवर टाइप केलं. पाठवायच्या आधी वरचे मेसेज वाचले, आणि तिथेच घोटाळा झाला.

कुणी लिहिलं होतं, असा कीपर पुन्हा झाला नाही. कुणी लिहिलं होतं, सेमीफायनलला त्यानं दोन पेनल्टी अडवल्या, तेव्हा आम्ही झाडावर बसलो होतो. आणि बऱ्याच जणांनी लिहिलं होतं, त्या हाकेचं आता मनात ठेवू नका, गेला बिचारा, पोरवयात चूक कुणाकडून होत नाही. गुरुदत्तकाकांचा मेसेज फक्त बारा सेकंदांचा होता, की कीपरची जागा सिद्धार्थची, कुणी तोंड उघडायचं नाही. दोन हजार सहाच्या पोरांनीही अंगठे दिले. कुमारनं जाहीर केलं, शंभर वर्षांतल्या सर्वोत्तम संघाचा गोलकीपर सिद्धार्थ कुरणे, एकमतानं.

मी टाइप केलेलं पुसलं. तेव्हा मनात आलं ते जसंच्या तसं सांगतो. मला वाटलं, झालं की. जे मला छत्तीस वर्षांत करता आलं नाही ते आपोआप झालं. त्याचं नाव मानानं छापून येईल आणि मला तोंड उघडावं लागणार नाही. डिसेंबरनंतर कधीतरी म्हणू, अरे चूक झाली होती. एवढा हलकट विचार माझ्या डोक्यात आला आणि तो मला चांगुलपणाचा वाटला.

तीन दिवस मी तसाच राहिलो. शुक्रवारी संध्याकाळी मुलीला, मितालीला, ब्लॅकटाउनच्या मैदानावरून आणायला गेलो. ती तिच्या शाळेकडून खेळते, डिफेन्समध्येच. गाडीत हीटर लावून बसलो असताना मी तिला विचारलं, समज असं असं झालं, डिफेंडरनं न बघता बॉल मागे दिला, कीपरपर्यंत पोचला नाही, तर चूक कोणाची?

‘डिफेंडरची. ऑब्व्हियसली,’ ती म्हणाली. मोज्यांतून गवत काढत होती.

‘पण कीपरनं मागितला असेल तर?’

‘देन इट डिपेंड्स. डिड ही कॉल फॉर इट?’

आणि मी म्हणालो, ‘ऐकू आल्यासारखं वाटलं होतं.’

तिनं बरं म्हणून फोन काढला. तिला काय, बापाची जुनी कटकट. पण मी स्टिअरिंग धरून बसलो होतो आणि मला माझी किळस आली. एक्कावन्नाव्या वर्षी, पोटच्या मुलीजवळ, काही कारण नसताना मी तीच थाप पुन्हा मारली होती. घरी पोचल्यावर विनिताला म्हटलं, उद्या कॅनबेराला जाऊन येतो, सिद्धार्थची आई गेलीय.

सकाळी निघालो. गोलबर्नच्या पुढे इतकं धुकं होतं की पुढच्या ट्रकचे दिवे तेवढे दिसत होते. गुंगालिनला पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते आणि सावलीतल्या गवतावर अजून बर्फाचा थर होता. ट्राम जाते त्या रस्त्याच्या मागच्या गल्लीत त्याचं घर. लीनावहिनी हॉस्पिटलला शिफ्टला गेल्या होत्या, मुलगी पायल मेलबर्नला युनिव्हर्सिटीत. तो एकटाच होता. दार उघडायला आला तर जिन्याचा कठडा धरून उभा राहिला. बराच वाळला होता.

हॉलमध्ये बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीखाली आईचा फोटो, पुढे मेणबत्ती. फोटो चांगला मोठा होता. मी फुलं ठेवली, हात जोडले. त्यानं चहा केला. चहा संपेपर्यंत मी स्टेंटची चौकशी केली, मग फोन काढून त्याच्यापुढे ठेवला.

‘हे बघ. आधी ओरडू नकोस.’

तो चष्मा लावून वाचायला लागला. पहिल्यांदा त्याला हसू आलं. ‘आयला, मला कैलासवासी केला. आमच्यात कालकथित म्हणतात, तेवढं तरी विचारायचं कुणाला.’ मग तो वाचतच राहिला. शे-दीडशे मेसेज होते. एकेक वाचताना त्याचा अंगठा मधे मधे थांबायचा. झाडावर बसलेल्यांचा मेसेज त्यानं दोनदा वाचला. ‘मेल्यावर बरा कीपर झालो की रे,’ तो म्हणाला. शेवटपर्यंत गेला, पुन्हा वर आला, पुन्हा खाली गेला. काहीतरी शोधत होता.

‘आईबद्दल कुणी काही लिहिलेलं दिसत नाही,’ तो म्हणाला.

मी मान खाली घातली. मंगळवारपासून ते मेसेज मी वीस वेळा वाचले होते. माझ्याही ते लक्षात आलं नव्हतं.

‘मॅच असली की यायची ती. दवाखान्यातली बाळंतिणींच्या वॉर्डची ड्यूटी बदलून घ्यायची. बायकांच्या गॅलरीत खालच्या पायरीवर बसायची. त्या फायनलनंतर नाही आली कधी मैदानाकडे. माझा खेळच संपला, कशाला येईल.’

आता बोललो नाही तर कधीच बोलणार नाही, हे मला कळत होतं. मी म्हणालो, ‘सिद्ध्या, तू हाक दिली नव्हतीस. मी खोटं बोललो. मी घाबरलो होतो.’

त्यानं चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं, आता तो शिव्या देईल, दिल्या तर बरंच होईल.

‘मला माहीत आहे की,’ तो म्हणाला. ‘मी तिथंच होतो. मला कशाला सांगतोस?’

‘मग कुणाला सांगू? ग्रुपवर सांगतो. आज सांगतो.’

‘सांग किंवा नको सांगूस.’ त्यानं आईच्या फोटोकडे बघितलं. ‘त्या रात्री आईनं मला विचारलं होतं, खरं सांग, दिली होतीस का हाक? मी म्हटलं, नाही. तर म्हणाली, मग इलास खोटं कशाला बोलंल रं?’

सोजरबाई मला इलास म्हणायच्या. ते माझ्या कानावर कित्येक वर्षांत पडलं नव्हतं.

‘तिचं म्हणणं, आपल्या टीममधला तेवढाच एक पोरगा आपल्या घरात बसून जेवतो. बाकीचे दारातनं हाक मारतात. जो आपल्या ताटात जेवला तो आपल्यावर खोटा आळ घेणार नाही. मी खूप सांगितलं. मग सांगायचं सोडलं. तिनं मला माफ केलं होतं, बरं का. पुढंही कधी विषय निघाला की म्हणायची, जाऊ दे बाळा, एखादी हाक चुकीची पडते माणसाची. न केलेल्या चुकीची माफी आईकडून घेतली मी, विलास. तीन आठवड्यांपूर्वी सांगितलं असतंस, तर तिला फोनवर ऐकू येत होतं.’

मी रडलो. त्याच्या घरात, त्याच्या आईच्या फोटोपुढे, दुःख त्याचं आणि रडलो मी. त्यानं उठून पाणी आणून दिलं. त्याची मला आजही लाज वाटते.

निघताना तो दारापर्यंत आला. म्हणाला, ‘माझं जे लिहायचं ते लिही. मी जिवंत आहे म्हणून लिही, नाहीतर डिसेंबरात माझ्या फोटोला हार घालतील. पण एक कर. आई गेली एवढं लिही. तिची श्रद्धांजली माझ्या नावावर जमा झालीय.’

रविवारी सकाळी मी दोन तास बसून लिहिलं. सोजरबाई गेल्या, फ्लेक्स त्यांचा होता, सिद्धार्थ कॅनबेराला सुखरूप आहे. मग फायनलचं सगळं. चिखल कुठे होता, मी कुठे होतो, सरांनी काय विचारलं, मी काय उत्तर दिलं, का दिलं. काही झाकलं नाही. त्याच्या वस्तीचं आणि माझ्या काकाचंही लिहिलं. शेवटी लिहिलं, की दोष माझा, त्याचा नव्हे, आणि मी त्याची व तुम्हा सगळ्यांची माफी मागतो. मला ग्रुपमधून काढतील, स्मरणिकेतून माझं नाव जाईल, ते सगळं मी गृहीत धरलं होतं. खरं तर मला ते हवंच होतं.

आधी ‘जिवंत आहे!’ म्हणून दंगा झाला. भूत पाहिलेल्यांची चित्रं, पार्टी कधी, कुमारला शंभर उठाबशा. मग कुमारनं लिहिलं, ‘विल्या, तू खरा दोस्त. मित्रासाठी छत्तीस वर्षांनी आळ अंगावर घ्यायला काळीज लागतं. पण हाक आम्ही सगळ्यांनी ऐकलीय.’ त्याला चाळीस-पन्नास जणांनी हात जोडले. एकानं लिहिलं, मीही ऐकली होती. तो त्या दिवशी मैदानावर नव्हता, आजारी होता, माझ्या शीटमध्ये नोंद आहे. मी पुन्हा लिहिलं, शपथेवर सांगतो. कुणीतरी उत्तर दिलं, ‘मोठ्या मनाचा माणूस.’ दुपारपर्यंत कुमारनं कीपरच्या जागेसाठी नव्यानं मतदान लावलं, कारण मागचं दुखवट्यात झालं होतं. अपूर्व जिंकला. त्र्याऐंशी विरुद्ध सहा. सहातलं एक माझं.

तीनच्या सुमारास सिद्धार्थचा फोन आला. ‘लिहिलंस?’

‘लिहिलं.’

‘काय म्हणाले?’

‘तू जिवंत आहेस म्हणून खूश आहेत.’

‘ते असतील. आईबद्दल कुणी लिहिलं?’

मी स्क्रीन खालीवर केली. मतदान, अंगठे, अपूर्वचा व्हिडिओ. सोजरबाईंचं नाव माझ्या मेसेजनंतर कुठेही नव्हतं. मी म्हणालो, ‘हो. बऱ्याच जणांनी लिहिलंय.’

‘वाचून दाखव.’

मी मागच्या अंगणात जाऊन उभा राहिलो. ‘कुमारनं लिहिलंय,’ मी म्हणालो, ‘काकू गेल्याचं कळून फार वाईट वाटलं. त्यांच्या हातचा चहा आठवतो. मॅच जिंकून आलो की आम्हाला त्या...’

‘कुमार आमच्या घरी कधी आला नव्हता,’ सिद्धार्थ म्हणाला.

फोनवर त्याचा श्वास ऐकू येत होता.

‘असू दे,’ तो म्हणाला. ‘चांगलं लिहिलंय. पुढचं वाच.’

मग मी वाचत गेलो. गुरुदत्तकाकांच्या नावानं वाचलं, की आमचा थोरला झाला तेव्हा वॉर्डात सोजरबाईच होत्या, रात्रभर बसून होत्या, आमच्या मिसेस अजून नाव काढतात. तो म्हणाला, हे खरंही असेल, निम्मी पेठ तिच्या हातावर जन्मली. एकाच्या नावानं वाचलं, की गॅलरीत खालच्या पायरीवर बसलेल्या काकू आम्हाला सगळ्यांना नावानं ओळखायच्या. आमच्या सरांना जाऊन अकरा वर्षं झाली, नाहीतर त्यांच्याही नावानं वाचलं असतं. सात-आठ झाले. प्रत्येकाच्या शेवटी तो नुसतं हं म्हणायचा. त्याला सगळं कळत होतं, आणि त्याला कळतंय हे मला कळत होतं, पण दोघांपैकी कुणी थांबलं नाही.

‘आणि तू?’ त्यानं विचारलं. ‘तुझं वाच. तू काय लिहिलंयस आईबद्दल?’

मी माझा मेसेज उघडला. तो खरोखरचा होता, त्यात बदल करायला मला जागा नव्हती. चांगला दीड पान होता. मी पहिली ओळ वाचली, ‘सिद्धार्थच्या आई सोजरबाई यांचं दोन आठवड्यांपूर्वी निधन झालं.’

‘पुढं?’ तो म्हणाला.

मी खालची अक्षरं बघत उभा होतो. चिखल, सर, मी, माझी भीती, माझी माफी.

‘पुढं सगळं फुटबॉलचं आहे,’ मी म्हणालो.